खांब एक, बिऱ्हाडं दोन

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेतल्या मॉन्टाना राज्यात क्लार्क फोर्क नदीच्या काठी घर आहे. कुरणाच्या कडेने गेलेल्या वीजवाहिनीच्या एका खांबावर गेली सात वर्षं ऑस्प्रे या शिकारी पक्ष्याची जोडी घरटं करते. यंदा मार्चमध्येच त्या घरट्यात रेव्हनची जोडी येऊन बसली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ऑस्प्रे परतले आणि तेव्हापासून रोज सकाळी खांबावर झटापट चालू आहे. रेव्हनना हाकलावं का? त्यांचं घरटं उतरवावं का? की वीज कंपनीकडून शेजारी दुसरा खांब उभारून घ्यावा?

आधी उत्तर, मग कारणं. हाकलू नका. सप्टेंबरपर्यंत घरट्याला कुणालाही हात लावू देऊ नका, कंपनीच्या माणसांनाही नाही. दुसरा खांब जरूर मागा, पण तो उभा राहू दे सप्टेंबरनंतर. मी गेली बावीस वर्षं वीजवाहिन्यांवरच्या पक्ष्यांचंच काम करतो, आणि या भांडणात माणूस मध्ये पडल्याने कुणाचं भलं झाल्याचं मला तरी आठवत नाही. उलटं झालेलं मात्र आठवतं. ते पुढे सांगतो.

ऑस्प्रे म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात जलाशयांवर दिसणारी मीनखाई घार, तीच. रेव्हन हा डोमकावळ्याच्या गोतातला, पण अंगाने बराच दांडगा, शेपटी पाचरीसारखी आणि आवाज घशातून घोगरा.

आता या भांडणाचं मूळ. लोक याकडे ताकदीची लढाई म्हणून बघतात. माझ्या मते हा सगळा पंचांगाचा खेळ आहे. ऑस्प्रे सप्टेंबरमध्ये घर सोडतो, हिवाळा दक्षिणेकडे, मध्य आणि दक्षिण अमेरिकेत काढतो आणि एप्रिलमध्ये परततो. म्हणजे वर्षातले सहा-सात महिने ते घरटं रिकामं. रेव्हनची जोडी मात्र बारा महिने तिथेच, आपल्या इलाख्यात. फेब्रुवारीत ती काड्या वाहायला लागते, मार्चमध्ये चार ते सहा अंडी घालते, सुमारे तीन आठवडे उबवते, आणि पिल्लं पुढचे पाच-सहा आठवडे घरट्यात राहतात. ऑस्प्रे दारात येतो तेव्हा रेव्हनच्या घरात अंडी असतात, कधी पिल्लंही. रेव्हनच्या बाजूने बघा: कुणीतरी टाकून दिलेला, काड्यांचा भक्कम ढीग, वरून गवत अंथरलेलं. घुसखोरी केल्याचं त्याच्या गावीही नसतं.

ऑस्प्रेचंही पंचांग घट्ट आहे. साधारण तीन अंडी, उबवायला ३८ दिवसांच्या आसपास, मग पिल्लं उडायला सात-आठ आठवडे. उडायला लागल्यावरही काही दिवस बाप मासे आणून देतोच. हे सगळं सप्टेंबरच्या आत उरकायचं तर अंडी मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत पडायला हवीत. म्हणून तो एप्रिलभर इतका चिडलेला दिसतो. त्याच्याकडे वाट बघायला वेळ नसतो.

अंगबळात ऑस्प्रे वरचढ. वजन दीड ते दोन किलो, पंखांचा पसारा दीड मीटरच्या वर. रेव्हन सव्वा किलोच्या आसपास. पण ऑस्प्रेचे पंजे माशासाठी घडलेले आहेत. बाहेरचं बोट मागे वळतं, तळव्यावर खरखरीत काटे असतात, आणि निसटता मासा धरायला ते बेजोड. पक्षी मारणं हा त्याचा धंदा नाही. रेव्हनकडे डोकं आहे आणि जोडीदार आहे. एकजण समोर येऊन चिडवतो, दुसरा मागून शेपूट ओढतो.

एका एप्रिलमध्ये अशाच एका खांबासमोर मी गाडीत दुर्बीण लावून बसलो होतो. रेव्हनची मादी घरट्यात इतकी खोल बसलेली की फक्त चोच आणि शेपटीचं टोक दिसत होतं. नर शेजारच्या खांबाच्या क्रॉसआर्मवर (तारा पेलणाऱ्या आडव्या दांडीवर), मान आत ओढून, जणू काही घडतच नाहीये. ऑस्प्रे वर गेला, पंख अर्धे मिटले, पाय पुढे काढून थेट घरट्यावर आला. शेवटच्या क्षणी मादीने चोच सरळ वर केली आणि ऑस्प्रे हातभर अंतरावरून वळला. चाळीस मिनिटांत चौदा वेळा हेच. एक पीस खाली पडलं नाही. मग ऑस्प्रे नदीकडे निघून गेला, आणि नर रेव्हन उडून घरट्याच्या कडेला आला, मादीच्या चोचीत काहीतरी भरवलं. बहुतेक भांडणं अशीच असतात. बघणाऱ्याचाच जीव वरखाली होतो.

जिंकतं कोण, तर माझ्या वहीतला अनुभव असा: ऑस्प्रे परतताना रेव्हन अजून काड्याच लावत असेल तर दोन-तीन दिवसांत ऑस्प्रे घर परत घेतो. अंडी असतील तर सांगता येत नाही, ऑस्प्रे किती मुरलेला आहे त्यावर जातं. पहिल्यांदाच जोडी जमवलेला तरुण नर लवकर माघार घेतो. पिल्लं बाहेर आली असतील तर रेव्हन जागा सोडत नाही, आणि ऑस्प्रे शेजारच्या खांबावर नवा संसार मांडायला घेतो. तुम्ही सांगितलेल्या तारखा पाहता तुमच्याकडे तिसरा प्रकार होईल असं वाटतं.

मुळात हे दोघे एका खांबावर का येतात हेही बघायला हवं, कारण त्यांना लागणारी जागा एकसारखी नाहीच. ऑस्प्रेला टोक हवं: वर काही नको, चारही बाजूंनी मोकळं, उतरायला सोपं, पाणी जवळ. रेव्हनला पाठ हवी, जमलं तर डोक्यावर छप्पर हवं. कड्याची कपार ही त्याची अस्सल जागा, आणि जाळीदार पोलादी मनोऱ्याच्या आतला कोपरा त्याला तसाच वाटतो. आयडाहो-ऑरेगनमधून गेलेली ५०० किलोव्होल्टची एक वाहिनी १९८०-८१ च्या सुमारास उभी राहिली. वर्षभरात तिच्यावर घरटी सुरू झाली, आणि दहा वर्षांच्या आत तिथे शिकारी पक्षी आणि रेव्हन मिळून १३३ जोड्या नांदत होत्या. त्यात सर्वांत जास्त रेव्हन. आजूबाजूला सगळं सेजब्रश या खुरट्या झुडपांचं उघडं माळरान, ना कडा ना झाड. मनोरे म्हणजे आयते कडेच.

घरोघरी वीज पोचवणाऱ्या, वितरणाच्या साध्या लाकडी खांबावर मात्र रेव्हनला फारसं काही सापडत नाही. तो तिथे येतो तो दोन कारणांनी: खांबावर जोड क्रॉसआर्म, ट्रान्सफॉर्मर, फ्यूज असं सामान दाटीने असेल तर त्यात काड्या अडकतात, किंवा आधीच कुणीतरी भलं मोठं घरटं करून ठेवलेलं असेल तर. ऑस्प्रेचं सात वर्षांचं घरटं म्हणजे शंभर किलोच्या आसपासचा डोलारा असू शकतो. त्याच्या मधोमध वाटी खणून लोकर आणि जनावरांचे केस अंथरले की रेव्हनला कपारीची ऊब मिळते. दुर्बिणीतून बघा. कडेला लोकरीचे पुंजके लोंबत असतील, वाटी खोल असेल, तर आतली सजावट रेव्हनची. ऑस्प्रेचं घरटं वरून जवळपास सपाट, परातीसारखं असतं.

ऑस्प्रे खांबांवर आला तो तरी हौसेने नाही. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन ही जात बऱ्याच भागांतून नाहीशी व्हायला आली होती. अमेरिकेत १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली आणि पक्षी सावरले, पण नदीकाठची शेंडा वाळलेली उंच जुनी झाडं तोवर बरीच तुटली होती. ऑरेगनमधल्या विलामेट नदीवर १९७६ साली ऑस्प्रेच्या १३ जोड्या होत्या, २००१ मध्ये २३४. त्यातल्या बहुतेक विजेच्या खांबांवर किंवा त्यांच्या शेजारी मुद्दाम उभारलेल्या मचाणांवर. इतक्या झपाट्याने जागा बदलणारा शिकारी पक्षी विरळाच.

खांबावर बसण्याची किंमत आहेच. सुकी काडी वीज फारशी वाहून नेत नाही, ओली नेते. पावसात ओल्या काड्या फेजच्या, म्हणजे वीज वाहणाऱ्या, तारेवर टेकल्या की क्रॉसआर्म आतून धुमसायला लागतो, आणि घरट्यासकट खांबाचं डोकं जळतं. पिसांचंही तसंच. कोरडी पिसं बरीच रोधक, भिजलेली नाहीत, आणि ऑस्प्रेचा पोटापाण्याचा उद्योगच पाण्यात बुडी मारण्याचा. उत्तर अमेरिकेत या विषयावर काम करणाऱ्या एव्हियन पॉवर लाइन इंटरॅक्शन कमिटीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेत गरुड डोळ्यांसमोर ठेवून दोन विद्युतभारित भागांमध्ये ६० इंच, म्हणजे सुमारे दीड मीटर, आडवं अंतर ठेवायला सांगितलं आहे. जुन्या वितरण खांबांवर ते क्वचितच सापडतं. मासळीचाही उपद्रव असतो. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यू जर्सीतल्या सेअरव्हिल गावात ट्रान्सफॉर्मरवर वरून मासा पडला आणि दोनेक हजार ग्राहकांची वीज गेली. संशय अर्थातच मासे नेणाऱ्या पक्ष्यावर. लाइनमन मंडळींना याचं हसू येत नाही, त्यांनी असे मासे पुष्कळदा फ्यूजवरून खरवडून काढलेले असतात.

दोन्ही पक्षी काड्यांखेरीज काय काय आणतात तेही बघून ठेवा. रेव्हन कुंपणाच्या तारेचे तुकडे आणतो, झाडं नसलेल्या भागात जास्तच. तार क्रॉसआर्मवर आडवी पडली की काम तमाम. ऑस्प्रेचा नाद वेगळा. गवताचे गठ्ठे बांधायची प्लॅस्टिकची सुतळी त्याला फार आवडते, आणि तिच्यात पिल्लांचे पाय अडकतात. मी एकदा मेलेलं पिल्लू खाली उतरवलं. दोन्ही पायांभोवती नारिंगी सुतळी इतकी आवळलेली की ती कातडीत रुतली होती, आणि सुतळीचं दुसरं टोक घरट्याच्या तळाशी कुठेतरी गाडलेलं. तुमच्या कुरणात अशी सुतळी पडलेली असेल तर आजच गोळा करा. या मोसमात तुम्हाला स्वतःच्या हाताने करता येण्यासारखं सर्वांत उपयोगाचं काम हेच.

आता ती गोष्ट, मध्ये पडण्याची. चूक माझीच होती. एका मेमध्ये ऑस्प्रेच्या घरट्यातली एक लांब फांदी तारेच्या दिशेने लोंबत होती. सगळ्या परवानग्या होत्या, तरी थांबायला हवं होतं, कारण मादी अंड्यांवर होती आणि पलीकडच्या खांबावर रेव्हन बसलेला मला दिसत होता. मी बकेट ट्रक, म्हणजे माणसाला पाळण्यातून वर उचलणारी गाडी, बोलावला. मादी उठली आणि आमच्या डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली. फांदी कापायला दहा मिनिटं लागली असतील. ट्रक मागे घेतला, बकेट खाली आली, आणि मादी परत उतरायच्या आत रेव्हन घरट्याच्या कडेवर होता. एक अंडं चोचीत धरून तो गेला, पाचेक मिनिटांत दुसऱ्यासाठी आला. ऑस्प्रे माणसांकडे बघत होती, तो तिच्याकडे. रेव्हनसमोर ऑस्प्रे सहसा आपली अंडी राखतो. माणसाने त्याला घरट्यावरून उठवलं की रेव्हनचं फावतं. म्हणून हाकलण्यासाठी डबे वाजवणं, फटाके, ड्रोन, यातलं काहीही करू नका. एकाला हाकलायला जाल आणि दोघांचंही नुकसान कराल.

घरटं उतरवलं तर काय होईल? रेव्हनची अंडी किंवा पिल्लं असताना ते बेकायदा आहे. अमेरिकेच्या १९१८ च्या, स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण देणाऱ्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अॅक्टखाली ऑस्प्रे संरक्षित आहे आणि रेव्हनही. लोकांना रेव्हनचं ऐकून आश्चर्य वाटतं. मेक्सिकोबरोबरच्या करारात १९७२ मध्ये शिकारी पक्षी आणि कावळ्यांची कुळं घातली गेली, तेव्हापासून तो यादीत आहे. अंडी-पिल्लं नसलेलं रिकामं घरटं काढायला या कायद्याखाली परवाना लागत नाही, मात्र ते जवळ बाळगता येत नाही. गरुडांचं वेगळं, त्यांचं रिकामं घरटंसुद्धा हलवता येत नाही. सीमेपलीकडे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ऑस्प्रेच्या घरट्यालाही तसंच बारमाही संरक्षण आहे. राज्याचे नियम याहून कडक असू शकतात, म्हणून कंपनीने राज्याच्या वन्यजीव खात्याला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

कायदा बाजूला ठेवला तरी घरटं उतरवणं शहाणपणाचं नाही. मोसमात जागा गेलेला ऑस्प्रे स्वस्थ बसत नाही. तो जवळच कुठेतरी काड्या रचायला लागतो. अशा घरट्याला या धंद्यात वैतागाचं घरटं म्हणतात. ते बहुतेकदा पुढच्या खांबावर होतं, आणि पुढच्या खांबावर ट्रान्सफॉर्मर नसेलच असं नाही. एका धोकादायक घरट्याची दोन होतात. तुमच्या ऑस्प्रेने शेजारच्या खांबावर काड्या टाकायला सुरुवात केली असेल तर कंपनीला लगेच, आजच, फोन करा आणि खांबाचा क्रमांक द्या. काड्या चारच असताना त्या काढता येतात, अंडं पडलं की नाही.

आता दुसरा खांब. खरं तर वीज नसलेला नुसता खांब आणि त्याच्या टोकाला मचाण. जुन्या खांबापासून शंभर मीटरच्या आत, त्याच्या नजरेच्या टप्प्यात, आणि उंचीला जुन्याइतका किंवा थोडा जास्त. हे शेवटचं लोक चुकवतात. खर्च वाचवायला आखूड खांब घेतात आणि मग ऑस्प्रे तिकडे ढुंकून बघत नाही, कारण उंच टोक अजून तेच जुनं असतं. मचाण साधारण ९० ते १२० सेंटिमीटर चौरस, तळाला पाणी निथळायला फटी, कडेला बोटभर काठ, आणि एका बाजूला बाहेर काढलेला दांडा, नराला मासा घेऊन बसायला. त्यावर जुन्या घरट्यातल्याच काड्या रचा. दांड्यावर आणि काठावर पांढऱ्या रंगाचे शिंतोडे मारतात, विष्ठेसारखे दिसायला. हे वाचून हसू येईल, पण मी प्रत्येक वेळी करतो.

त्याच वेळी जुन्या खांबावरून काड्या उतरवून क्रॉसआर्मवर अशी आडकाठी बसवून घ्या की काडी टिकणारच नाही: क्रॉसआर्मच्या वर तिरकं बसवलेलं गुळगुळीत प्लॅस्टिकचं नळकांडं उत्तम. टोकदार खिळ्यांच्या पट्ट्या मात्र लावू देऊ नका. कंपन्यांना त्या स्वस्त पडतात, आणि पक्ष्याला काड्या अडकवायला खुंट्या मिळतात. मी अशा पट्टीवर उभं राहिलेलं घरटं पाहिलंय, खिळे पार आत गाडलेले, पायाच्या दगडासारखे.

नव्या मचाणावरही रेव्हन मार्चमध्ये येऊन बसणार नाही कशावरून? येऊ शकतो, पण उघड्या सपाट टोकाचं त्याला तितकं आकर्षण नाही, खोल डोलारा तिथे तयार व्हायला वर्षं जातील. तुमच्या नदीकाठी खरी भीती कॅनडा गूज या रानटी हंसांची. ते वसंताच्या सुरुवातीलाच अंडी घालतात आणि सपाट मचाण त्यांना आयतं पाटासारखं वाटतं. काही जण हिवाळ्यात मचाणावर शंकूसारखं झाकण बसवतात आणि ऑस्प्रे यायच्या तोंडावर काढतात. उपाय चांगला, पण ते काढायला कोण जाणार हे आधी ठरवा. मेपर्यंत विसरलेलं झाकण आणि त्याभोवती भांबावून फिरणारी जोडी मी पाहिली आहे.

रेव्हनसाठीही जागा करावी का, यावर आमच्यातच दोन मतं आहेत. तुमच्या कुरणात माझं मत हो असं आहे. कोठाराच्या भिंतीला, छपराखाली, तीन बाजूंनी बंद असा फळीचा कोनाडा मारा. पसंत पडला तर खांबाकडे जायचं कारण उरत नाही. स्थिर जोडी आपल्या इलाख्यात इतर रेव्हनना फिरकू देत नाही, म्हणजे संख्या वाढायची भीतीही कमी. हेच घर सेजब्रशच्या माळावर असतं तर मी साफ नाही म्हटलं असतं. तिथे सेज ग्राउस हा कोंबडीसारखा पक्षी जमिनीवर अंडी घालतो, वीजवाहिन्यांवरून टेहळणी करणारे रेव्हन ती वेचून खातात, आणि काही ठिकाणी कंपन्यांना रेव्हनची रिकामी घरटी काढावी लागतात. पक्षी तोच, पण जागा बदलली की माझी शिफारस बदलते.

तोवर यंदा एवढंच करा: खांबाचा क्रमांक, रेव्हनची पिल्लं घरट्याबाहेर पडल्याचा दिवस आणि ऑस्प्रे कोणत्या खांबावर काड्या नेतोय हे लिहून ठेवा. रेव्हनची पिल्लं मेअखेर उडतील. त्यानंतर ऑस्प्रे घरट्यात येऊन काड्या सारख्या करताना दिसेल, कदाचित ऑगस्टपर्यंत. अंड्यांना तेव्हा उशीर झालेला असेल, पण जागेवरचा हक्क तो सोडत नाही. पुढच्या एप्रिलमध्ये तो आधी त्याच खांबाकडे येणार, म्हणून जुन्या खांबावरची आडकाठी आणि नवं मचाण दोन्ही एकाच पानगळीत व्हायला हवीत. एक आधी आणि एक वर्षाने, असं कंपनीला करू देऊ नका. आणि मचाणावर रचलेल्या काड्या तारेने घट्ट बांधून घ्या. नुसत्या ठेवल्या तर जानेवारीच्या पहिल्या वादळात त्या कुरणभर विखुरलेल्या सापडतील.